कॅन नंबर तीन

मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या इंजिनिअर कंपनीतून बारा जणांची डिटॅचमेंट वडमाळला गेली. काम होतं गावची सार्वजनिक विहीर सुरुंग लावून खोल करण्याचं. मुदत तीन आठवडे. आम्ही पोचलो त्या दिवशी विहीर सेहेचाळीस फूट होती आणि तळाशी कोरडा काळा खडक होता. वरून हाक मारली की हाक खाली जाऊन परत यायची. पाणी असलेल्या विहिरीत ती अशी परत येत नाही.

वडमाळ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. गाव कागदावर लातूरला गेलं होतं. एसटी मात्र नांदेडलाच जायची, बाजार लोह्याला भरायचा आणि दवाखान्यासाठी माणसं नांदेडच गाठायची. टँकरला हे मान्य नव्हतं. नांदेडचा टँकर शेजारच्या गावात पाणी ओतून शिवेवरून मागे फिरायचा. लातूरचा टँकर दोन दिवसांआड, चार वाजल्यानंतर यायचा. मधल्या दोन दिवसांत वडमाळच्या बाया शिवेपलीकडे घागर घेऊन गेल्या तर तिथली माणसं जिल्हा विचारायची. दुष्काळ आभाळातून पडतो असं मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. आभाळातून पडतो तो फक्त कमी पाऊस. पाणी कुणाला मिळावं हे माणसं ठरवतात.

मी नांदेडचा. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. छापून उरलेली पत्रकं घरी यायची आणि मी त्यांवरच वाचायला शिकलो. फौजेत मी ड्रायव्हर-मेकॅनिक होतो. वय तेवीस, सर्व्हिस चार वर्षं. माझं नाव वाघमारे, पण डिटॅचमेंटमध्ये सगळे मला पँप्लेट म्हणायचे. हे नाव ठेवलं नायक काशिनाथ बिरादारनं.

बिरादार उदगीर तालुक्यातल्या लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा. सुरुंगाच्या कामात त्याच्याएवढा भरवशाचा माणूस कंपनीत नव्हता. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. सकाळी स्वतःला भस्म लावून झालं की बोटाला उरलेलं भस्म तो माझ्या व्हॅनच्या स्टिअरिंगला पुसायचा.

"हिला बी लागू दे, पँप्लेट. तुझ्या भाषणानं ही चालू होत न्हाई."

व्हॅन डिझेलची होती आणि माझ्या सर्व्हिसपेक्षा दुपटीनं जुनी होती. तिच्या मागच्या भागात एक स्ट्रेचर, एक फर्स्ट-एड पेटी आणि चार जेरीकॅनचा लोखंडी रॅक. सुरुंगाच्या जागेवर एक गाडी कायम उभी ठेवायची असते. माणूस जखमी झाला तर त्याला न्यायला. तिला सेफ्टी व्हेईकल म्हणतात. तिला दुसरं काम देत नाहीत. कोणी जखमी झालं नाही तर ती दिवसभर उन्हात उभी राहते आणि संध्याकाळी परत येते. सतरा दिवस तिनं एवढंच केलं.

कॅन एक आणि दोन पाण्याचे, गळ्याला पांढरा पट्टा. तीन आणि चार डिझेलचे, पट्टा नाही. सुभेदार जाधव साहेब आमचे डिटॅचमेंट कमांडर होते, साताऱ्याकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना रॅकपुढे उभं केलं.

"पाण्याचा कॅन पाण्याला, डिझेलचा डिझेलला. अदलाबदल नाही. भरण्याआधी कॅन उपडा करायचा, झटकायचा, टॉर्च मारून आत बघायचं. समजलं?"

"समजलं, साहेब."

सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

आम्ही शाळेत राहत होतो. शाळेच्या मागे गयाबाईचं घर होतं. वय चाळिशीच्या आत-बाहेर. घरात ती, डोळ्यांनी अधू सासू आणि एक म्हैस. नवरा ऊसतोडीला गेला होता तो आला नव्हता. बाईचं तोंड सुरुंगासारखं होतं. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवर येऊन खाली वाकून बघून गेली.

"खडक फोडून राहिले का नुसता आवाज काढून राहिले, वो मिल्ट्रीवाले?"

बिरादार दोरावर लोंबकळत होता. खालूनच ओरडला, "आवाजाचं पाणी निघतंय का बघून राहिलो, आक्का!"

त्या संध्याकाळी गयाबाईनं जर्मनच्या ताटात चार भाकरी आणि ठेचा पाठवून दिला. बिरादारनं भाकरी वाटल्या, ताट राखेनं घासलं, आमच्या स्वयंपाकाच्या लंगरमधून दोन मुठी साखर त्यात घातली आणि ताट परत नेऊन दिलं.

मी विचारलं, "साखर कशाला?"

"रिकामं भांडं परत देत न्हाईत, बा. तू कुठल्या गावचा?"

"नांदेडचा."

"म्हणूनच."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आईही शेजारणीचं पातेलं कधी रिकामं पाठवत नव्हती. काही नसलं तर मिठाचा खडा टाकायची. पण अशा गोष्टी माणूस घरी ठेवून फौजेत येतो.

तेराव्या दिवशी गयाबाई माझ्याकडे आली. मी व्हॅनचं एअर फिल्टर झटकत होतो.

"दादा, एक डबा द्या. तुमच्याकडं चार हायेत."

"डबे सरकारी आहेत, बाई."

"पानी बी सरकारीच हाय की. टँकरवाला भांडं बघून पानी सोडतो. माझ्याकडं एक घागर. घागरीचं सासू आन् मी पितो. म्हशीला काय पाजू, तुमचा आवाज?"

कॅन तीन त्या दिवशी रिकामा होता. मी म्हटलं, "याला डिझेलचा वास येतो. माणसांनी प्यायचं नाही."

"म्हशीला नाक न्हाई का?" ती म्हणाली. मग स्वतःच हसली. "चालंल. सोड्यानं धुते."

मी कॅन दिला. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते आणि त्यांचं बरोबर असतं. मला तेव्हा वाटलं, नियम रॅकवर लिहिलेला आहे आणि तहान समोर उभी आहे. तहानेची बाजू घ्यायची हे मी लहानपणापासून वाचत आलो होतो. बिरादारनं पाहिलं होतं. तो एवढंच म्हणाला, "भरून घेताना बघ मात्र."

सोळाव्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला मी व्हॅनखाली झोपून ब्रेकची नळी बघत होतो. बिरादारचे बूट दिसले.

"पँप्लेट, गयाबाईनं कॅन आणून दिला."

"रॅकमध्ये ठेव."

"ठेवला."

कॅनविषयी त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. चौकशीतही मी एवढंच सांगितलं.

सतराव्या दिवशी साडेपाचला फर्स्ट परेड झाली. फर्स्ट परेड म्हणजे गाडी हलवण्याआधीची रोजची तपासणी. ऑइल, पाणी, बॅटरी, टायर, फॅनचा पट्टा, डिझेल. टाकीत काडी घातली. पाव टाकी होती. कॅन तीन रॅकमधून काढला, डिझेलच्या ड्रमचा हातपंप मारून काठोकाठ भरला आणि टाकीत ओतला. उपडा केला नाही. झटकला नाही. टॉर्च माझ्या खिशात होती. गाडी एका हाकेत सुरू झाली. अर्धा किलोमीटर चालवत विहिरीवर नेली, उतारावर तोंड करून उभी केली आणि बंद केली. सहा पन्नासला रिपोर्ट दिला.

"सेफ्टी व्हेईकल रेडी, साहेब."

विहीर तेव्हा चौपन्न फूट झाली होती. आदल्या दिवशी खडकाला ओल आली होती. ओल पाहून गावातली म्हातारी माणसं सकाळपासून वडाखाली येऊन बसली होती.  पूर्वेच्या भिंतीत एक भेग होती. बिरादारनं चार दिवसांपूर्वी तिच्या दोन्ही टोकांना खडूनं खुणा केल्या होत्या. भेग खडूच्या पुढे गेली की भिंत आधी पाडायची असं ठरलं होतं. ती पुढे गेली नव्हती. रोज बघायची आणि ती तिथेच असायची. मला ती भेग आवडत नव्हती. कुणालाच आवडत नव्हती.

अकरा वीसला सुरुंग उडाला. नऊ भोकं, नऊ आवाज. बिरादारनं बोटांवर मोजले. धूर निघून जायला अर्धा तास दिला. अकरा पंचावन्नला तो दोरावरून खाली उतरला. बारा वाजता खालून आवाज आला.

"साहेब, पाणी हाय! करंगळीएवढं! पन हाय!"

वडाखालची माणसं उठली. एक म्हातारा रडायला लागला. बारा वाजून पाच मिनिटांनी पूर्वेच्या भिंतीतून दगड सुटला. खडूच्या खुणेच्या खाली, जिथे भेग नव्हती तिथून. दगड बिरादारच्या पोटावर आणि मांडीवर पडला.

त्याला वर घ्यायला सात मिनिटं लागली. तो शुद्धीत होता. मांडी मोडली होती, रक्त फार नव्हतं. साहेबांनी फील्ड ड्रेसिंग बांधलं. पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पोट फळीसारखं कडक झालं होतं. आत रक्तस्राव होतोय हे सांगायला डॉक्टर लागत नाही. ऑपरेशन टेबल लागतं.

"गाडी," साहेब म्हणाले.

बारा सतरा. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, चार-पाच सेकंद चाललं, खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा किल्ली. स्टार्टर जोरात फिरतो, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा एक झोका, आणि काही नाही.

मागे सिग्नलवाला वायरलेस सेटवर बोलत होता.

"डेल्टा वन फॉर डेल्टा. वन कॅज्युअल्टी. सिरियस. ॲम्ब्युलन्स रिक्वेस्ट. ओव्हर."

"डेल्टा. ॲम्ब्युलन्स लातूरसे निकलेगी. टाइम तीन घंटे. अपनी गाडी यूज करो. ओव्हर."

"अपनी गाडी स्टार्ट नहीं हो रही. ओव्हर."



गावात ट्रॅक्टर नव्हता. एसटी अकराला गेली होती. टँकर चारला. बैलगाडीनं डांबरी रस्ता दोन तास. म्हणजे गाडी मीच सुरू करायची होती.

डिझेल गाडी सुरू होत नसेल तर शोधायचा क्रम ठरलेला आहे. सोप्याकडून अवघडाकडे. पहिलं, गाडी बंद करायची ओढदांडी बाहेर राहिली आहे का? नव्हती. दुसरं, बॅटरी. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. तिसरं, टाकीत डिझेल. काडी घातली, अर्ध्याच्या वर. चौथं, डिझेल इंजिनापर्यंत पोचतंय का? धूर थांबला होता. पोचत नव्हतं. डिझेल टाकीतून निघून फिल्टरमधून पंपाकडे जातं. त्या वाटेवर हवा शिरली तर इंजिन असंच खोकून बंद पडतं. जुन्या गाड्यांत दहापैकी नऊ वेळा हवाच असते. या गाडीत ती माझ्या हातानं पाच वेळा निघाली होती.

मी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हाताच्या पंपानं डिझेल चढवायला लागलो. स्क्रूमधून बुडबुडे आले.

"हवा आहे, साहेब."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

बिरादार स्ट्रेचरवर होता, व्हॅनच्या सावलीत. गयाबाई त्याच्या उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. तो माझ्याकडे बघत होता.

"पँप्लेट."

"बोलू नको तू."

"ग्लासात धरून बघ. आमच्या मोटेच्या जागी इंजन बसवलं व्हतं उदगीरला. असंच खोकायचं. ग्लासात धरलं की कळतंय."

"हवा आहे, बिरादार. दिसतीये मला."

"यप्पा," तो म्हणाला. "लई शिकला तू." आणि डोळे मिटले.

मी ऐकलं नाही. त्याच्याकडे शेतातलं एक इंजिन होतं आणि माझ्याकडे आठ महिन्यांचा कोर्स होता.

बारा बत्तीसला स्क्रू कसला. किल्ली. दोन खोकले. बंद. मग हवा कुठून शिरते ते शोधायला लागलो. टाकीकडून येणाऱ्या नळीचे तांब्याचे वॉशर बदलले. नळीला साबण लावून पाहिला. कुठेही गळती नव्हती. पुन्हा हातपंप, पुन्हा बुडबुडे, पुन्हा किल्ली. बारा चौपन्न. स्टार्टरचा आवाज जड व्हायला लागला होता. बॅटरी उतरत होती.  माझे हात नीट काम करत होते, फक्त चुकीच्या जागी.

साहेब जवळ आले. आवाज चढवला नाही.

"वाघमारे, तो काय म्हणाला?"

"ग्लासात धरून बघ म्हणाला."

"मग धर."

गयाबाई धावत जाऊन चहाचा काचेचा ग्लास घेऊन आली. मी फिल्टरच्या तळाचा बोल्ट काढला आणि ग्लास खाली धरला. ग्लास भरला. उन्हात धरला. दोन थर झाले. वर बोटभर पिवळसर डिझेल. खाली तीन बोटं स्वच्छ, पांढरं, काचेसारखं पाणी.

मी ज्यांना हवेचे बुडबुडे समजत होतो ते डिझेलमधून येणारे पाण्याचे थेंब होते.

सगळ्या गावानं तो ग्लास बघितला. एक म्हातारी म्हणाली, "पानीच हाय की वो." अख्ख्या शिवारात प्यायला पाणी नव्हतं आणि ते आमच्या इंजिनात होतं. मी रॅककडे बघितलं. कॅन तीन. मला तेव्हाच कळलं. 

बिरादारनं डोळे उघडले. ग्लास बघितला. त्याला कळलं की नाही ते मी सांगू शकत नाही. तो गयाबाईकडे बघून म्हणाला, "आक्का, घोटभर दे की त्यातलं."

"पोटाला लागलंय तुला. पानी देऊ नगं म्हनलेत साहेब."

"चेष्टा केली गं."

नंतरचं काम मला येत होतं. टाकी रिकामी करत बसलो असतो तर आणखी अर्धा तास गेला असता. म्हणून टाकी सोडून दिली. कॅन चार उघडला, हातावर ओतून पाहिला, चांगला होता. तो पुढच्या सीटवर दोरीनं बांधला. टाकीकडची नळी काढून रबरी नळी थेट कॅनमध्ये सोडली. फिल्टर रिकामा केला, कपड्यानं पुसला. डिझेल चढवलं. इंजिनावरच्या चारही नळ्यांचे नट सैल करून पाणी बाहेर काढलं. एक एकवीस. किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता टिक वाजला. बॅटरी संपली होती. ती मीच संपवली होती.

साहेब ओरडले, "धक्का!"

बिरादारला आत घेतलं. गाव आलं. वडाखालचे म्हातारे, बाया, आमचे जवान. गाडी सकाळी उतारावर तोंड करून उभी केली होती. त्या सकाळी तेवढं एक मी बरोबर केलं होतं. दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला. गाडीनं दोन हिसके दिले, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. एक एकतीस.

सिग्नलवाला धावत खिडकीशी आला. "साहेब, कंपनी बोलती है, डिस्ट्रिक्ट लातूर है. पेशंट लातूर लाओ."

लातूर लांब होतं, नांदेड जवळ. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"नांदेड," ते मला म्हणाले. "माझ्या नावावर लिहा म्हणावं कंपनीला."

रस्ता लोह्यापर्यंत खडीचा होता. मी चाळीसच्या वर नेऊ शकत नव्हतो. वर नेली की आतून बिरादारच्या कण्हण्याचा आवाज यायचा. खाली आणली की वेळ जायचा. मध्ये जाळी होती. जाळीतून बिरादारचं बोलणं तुटक ऐकू यायचं. एकदा त्यानं साहेबांना विचारलं, "करंगळीएवढं पाणी व्हतं न्हवं? तुम्ही बघितलं न्हवं?"

"बघितलं."

"अजून चार फूट घ्या. जास्त न्हाई. चार फुटात लागतंय."

"तू येऊन घे."

"हाव."

लोहा सोडल्यावर डांबरी लागली. मी वेग वाढवला. विष्णुपुरीजवळ रस्ता वर चढतो आणि उजव्या हाताला गोदावरी दिसते. त्या उन्हाळ्यातही तिथे पाणी होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "बिरादार, गोदावरी आली बघ. आलंच नांदेड."

 थोड्या वेळानं जाळीवर दोन टकटक झाल्या.

"वाघमारे."

"साहेब."

"हळू चालव आता. घाई नको."

दोन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. मी हळू चालवली.

दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, "कधी लागलं?"

"बारा वाजून पाच."

त्यानं घड्याळाकडे बघितलं. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, लातूरला बसली.

"कॅन तुम्ही नागरिकाला दिला होता?"

"हो, सर. मी दिला. परवानगी न घेता."

"भरण्यापूर्वी तपासला?"

"नाही, सर."

"पाणी किती होतं?"

"दोन लिटरच्या आसपास."

"एवढं पाणी कॅनमध्ये उरलं कसं?"

"माहीत नाही, सर."

"कॅन कोणाकडे होता?"

"नाव आठवत नाही, सर."

शेवटचं उत्तर खोटं होतं. त्याआधीचं खरं होतं. मला खरोखर माहीत नव्हतं. जी बाई टँकरच्या नळाखाली सांडलेले थेंब फडक्यानं टिपून घ्यायची, तिच्या कॅनमध्ये दोन लिटर पाणी विसरून राहील कसं? हा प्रश्न मला पाच महिने होता. मला सिव्हिअर रिप्रिमँड मिळाली, म्हणजे सर्व्हिसच्या कागदावर कडक ठपका. जाधव साहेबांनी पेशंट नांदेडला नेल्याबद्दल लेखी खुलासा दिला. तो एका ओळीचा होता. मी पुढे नोकरी वाढवून घेतली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी वडमाळला गेलो. विहीर अठ्ठावन्न फूट झाली होती. बिरादारनं सांगितलेले चार फूट आमच्या जवानांनी त्याच आठवड्यात घेतले होते. आता दोन पुरुष पाणी होतं. मी हाक मारून पाहिली. हाक परत आली नाही.

गयाबाईनं ओळखलं. तिनं तांब्या भरून दिला. विहिरीचंच पाणी. मी प्यायलो. ती उंबऱ्यावर बसली. 

"दादा, एक इचारू? त्या दिशी म्या कॅन आनून दिला. त्यात दोन तांबे पानी घातलं व्हतं. रिकामं कसं द्यावं? त्या दादानं माझं ताट साखर घालून दिलं व्हतं. माझ्या घरात दुसरं काय व्हतं द्यायला? चांगलं पानी व्हतं, घागरीतलं. सासूला म्हनलं, आज कमी पी." ती थांबली. "दादा आलेच न्हाईत मागारी. तवापास्नं मनात हाय. त्येनी पेलं का ते पानी?"

मी तांब्या खाली ठेवला. त्या दिवशीचा ग्लास तिनंच आणून दिला होता, पण त्यातलं पाणी आणि हे पाणी तिनं जोडलं नव्हतं.

"हाव," मी म्हणालो. "पेलं."

"वास येत व्हता का?"

"नाही. गोड होतं म्हणाला."

"बरं झालं," गयाबाई म्हणाली. "जायच्या आदी आमचं पानी त्याच्या पोटात गेलं म्हनायचं."

मी निघालो तेव्हा तांब्या तिथेच, रिकामाच ठेवून आलो.

आता मी नांदेडला आहे. वडील गेले, छापखाना मी बघतो. प्रौढ साक्षरतेच्या वर्गांची पत्रकं आम्ही छापतो. ती घेऊन मी किनवटच्या जंगलातल्या गावांपर्यंत आणि इकडे धर्माबादपर्यंत गेलो आहे. बायांना सांगतो, वाचायला शिका. लिहिलेलं कुणाच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा. वडमाळला मात्र मी एकही पत्रक नेलं नाही. गयाबाई वाचायला शिकली तर गाडी कशानं बंद पडली हेही एक दिवस कुठेतरी वाचेल, ही भीती मला होती. ज्या माणसानं प्रत्येक गावात एक बोलायचं आणि एका गावात दुसरं करायचं, त्याला पत्रक वाटायचा अधिकार नाही. म्हणून हे लिहिलं. पुढच्या आठवड्यात वर्गाची पत्रकं वडमाळला जातील आणि त्यांच्यासोबत हेही जाईल. बाई, तुम्ही घातलेल्या पाण्यात दोष नव्हता. तुमच्या घरात जे सगळ्यात मोलाचं होतं ते तुम्ही दिलंत. कॅन उपडा करून बघायचं काम माझं होतं आणि टॉर्च माझ्या खिशात होती.

नायक काशिनाथ बिरादार, तालुका उदगीर. वय अठ्ठावीस. बारा वाजता त्याला वडमाळच्या विहिरीत करंगळीएवढं पाणी दिसलं. ते पहिल्यांदा पाहणारा माणूस तो होता.